उतरवलेल्या तारा

विंगेत उभी राहून मी कोमट पाण्याचा घोट घेत होते, तेवढ्यात पलीकडे मंचावर सुकुमार आणि अक्कांनी त्यांची स्पॅनिश नृत्याची धून सुरू केली. दोन गिटारी, पण वाजवणारं माणूस एकच असावं, अशा. पहिल्याच आवर्तनात मी पेला खाली ठेवला.

ओठ मिटून मी माझा सा धरून पाहिला. गिटारी त्याच्या खाली होत्या. जराशा नव्हे, चांगल्या एका पायरीने खाली.

गळा माझाच चढला असेल म्हणून पुन्हा गुणगुणून पाहिलं. तसं काही नव्हतं. मी काळी चारमध्ये गाते. पेटीवरची ती पट्टी शोधायला मला पेटी लागत नाही; अंधारात आपल्या घरातलं दिव्याचं बटण जसं हाताला सापडतं, तशी ती मला सापडते. आणि त्या सकाळी बटण जागेवर नव्हतं.

सुकुमार माझा नवरा. अक्का, म्हणजे पद्माक्का, त्याची थोरली बहीण. त्या दोघांनी आपापल्या सगळ्या तारा उतरवल्या होत्या आणि मला सांगितलं नव्हतं.

*

माझं बोलणं आता पाटीवर चालतं. खरीखुरी, लाकडी चौकटीची पाटी. पाटीवर बोलणाऱ्या माणसाला एक सवय लागते: मावेल तेवढंच लिहायचं, समोरच्याने वाचलं की पुसायचं. हे मी कागदावर लिहिते आहे, तरी हात तसाच चालतोय. तुकड्यातुकड्यांत येईल. मध्येच काही पुसावंही लागेल.

*

सांगलीतल्या एका शाळेचं सभागृह, रविवारची सकाळ. गुरुवारी मिरजेला माझं ऑपरेशन ठरलेलं. गळ्यात गाठ होती, आणि तिच्याबरोबर स्वरयंत्रही काढावं लागणार होतं. डॉक्टरांनी हे सांगितलं ते सुकुमारकडे बघून, जणू ते यंत्र त्याचं होतं. रविवारपर्यंत थांबता येईल का, असं मी विचारलं. रविवारी काय आहे, असं त्यांनी विचारलं. कार्यक्रम आहे, म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि गुरुवार लिहिला.

कार्यक्रमाचं नाव होतं ‘मुलांसह मैफल’. आमच्या गावच्या संगीत मंडळाने पहिल्यांदाच काढलेली टूम. एरवी मंडळाच्या पासांवर खाली बारीक अक्षरांत ठरलेलं वाक्य असायचं, लहान मुलांना आणू नये. त्या वाक्यापायी माझ्या मुलीने, चंदनाने, मला मंचावर गाताना कधी ऐकलं नव्हतं. ती पहिलीत होती. भाकरी थापताना गुणगुणणारी आई तिला ठाऊक होती, वेणी घालताना ओरडणारीही ठाऊक होती. पूर्ण गळ्याने गाणारी ती दुसरी बाई तिला कधी भेटलीच नव्हती, आणि गुरुवारनंतर ती कुणालाच भेटणार नव्हती.

मला एवढंच हवं होतं. चंदनाने ती बाई एकदा ऐकावी. माझ्या पट्टीत, शेवटच्या स्वरापर्यंत.

*

शेवटचा स्वर म्हणजे पतंगाचा.

पतंगाचं गाणं अक्कांनीच बांधलेलं. एका मुलीचा पतंग तुटतो, ती गच्चीवर उभी राहून त्याला हाका मारते. गाणं तसं साधंच, पण शेवटची हाक, एकच अक्षर, ‘ये’, ती वरच्या सप्तकातल्या पंचमावर जाऊन थांबते आणि बराच वेळ तिथेच राहते. ती हाक मारताना पूर्वी मला काही करावंच लागायचं नाही. तोंड उघडलं की ती आपोआप निघायची.

गाठ आली तशी ती हाक फुटायला लागली. मधले स्वर शाबूत होते, खालचे तर पूर्वीपेक्षाही मऊ झाले होते. फक्त वर गेलं की कापड टरकावं तसा आवाज व्हायचा. दरवेळी नाही. तो स्वर कधी लागायचा, कधी फुटायचा. तालमीत जास्त वेळा फुटलाच.

*

सुकुमार आणि अक्का, या मगदूम भावंडांना गिटार कुणी शिकवली, हे सगळे विचारायचे. सांगलीच्या जैन घरातली मुलं, मामा-काकांत सगळे शेतीवाले नाहीतर अडत्ये, आणि या दोघांच्या हातात गिटार. मिरजेत एक परदेशी डॉक्टर होते, त्यांच्या बायकोने शिकवली. तिला स्वतःची मुलं नव्हती. दोघं सायकलवरून डबलसीट जायची. तेव्हापासून ती दोघं सुरुवातीला एकत्र श्वास घेतात. मान हलवत नाहीत, पाय आपटत नाहीत. एक श्वास, आणि दोन्ही हात एकदम पडतात.

लग्न करून मी त्या श्वासाच्या मधोमध येऊन उभी राहिले. मला त्यांनी कधी परकं मानलं नाही. पण काही गोष्टी ती दोघं न बोलता ठरवायची, आणि मला नंतर कळायच्या.

*

मला राग आला.

पुसते. राग नंतर आला. आधी लाज वाटली. माझा गळा माझ्या माघारी कुणीतरी मापून ठेवला होता.

*

माझं नाव पुकारलं गेलं. मी जाऊन बसले. पुढे सतरंज्यांवर मुलं होती. काही पालथी झोपलेली, काही एकमेकांना ढकलणारी, एक बाळ रांगत मंचाच्या पायरीपर्यंत पोचलेलं. त्यांच्यामागे खुर्च्यांवर आईबाप. अगदी पुढे माझी आई मांडी घालून बसली होती आणि तिच्या मांडीला टेकून चंदना, नव्या परकर-पोलक्यात. तिने मला हात केला. मीही केला. मंचावरून असा हात मी आयुष्यात पहिल्यांदा केला.

सुकुमारने माझ्याकडे बघितलं नाही. अक्कांनी बघितलं आणि डोळे मिटले, सुरू कर, अशा अर्थाने.

मला अंगाई गायची होती. मी त्यांच्या सा मध्ये गायले. काय करणार होते? मुलं समोर बसलेली. आणि खरं सांगायचं तर ती अंगाई फार छान झाली. त्या खालच्या पट्टीत माझा आजारी गळा साय आल्यासारखा लागला. ढकलाढकली थांबली. रांगणारं बाळ पायरीवर बसून राहिलं. मागे एका बाईने पदर डोळ्यांना लावलेला मला दिसला.

एकेक ओळ गाताना मला वाटत होतं, कुणीतरी चांगलं माणूस गातंय. मी नव्हे.

*

मध्यंतरात मुलांना लिंबाचं सरबत आणि बिस्किटं होती. आमची बसायची सोय पहिलीच्या वर्गात केली होती. बाकं गुडघ्याएवढी, भिंतीवर मुळाक्षरं. चंदना धावत आली, माझ्या मांडीवर चढली, आणि सरबत पिता पिता तिने माझ्या पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं. गाणं कसं वाटलं, हे मी तिला विचारलं नाही. तिने आपणहून सांगितलं की बाजूच्या मुलाने अंगाई चालू असताना नाकात बोट घातलं होतं. मग माझी आई येऊन तिला घेऊन गेली.

दार लागल्यावर मी म्हणाले, “तारा कुणी उतरवल्या?”

“मी,” अक्का म्हणाल्या. “सकाळी. तू अंघोळीला गेल्यावर.”

“दोघांच्या?”

सुकुमार नखं घासत होता. गिटारवाल्यांची उजव्या हाताची नखं वाढवलेली असतात, आणि सुकुमारला काही बोलायचं नसलं की तो ती घासतो.

अक्कांनी समजावून सांगितलं. हात त्याच जागी पडणार, त्यामुळे बघून कळलं नसतं. सगळंच खाली असल्यावर ऐकूनही कळणार नाही, असं त्यांना वाटलं होतं. मला कळणार नाही असं त्यांना कसं वाटलं, ते मी विचारलं नाही. त्या माझ्याहून मोठ्या होत्या आणि त्यांचे डोळे सुजलेले होते.

“मला माझ्या पट्टीत हवंय,” मी म्हणाले. “निदान पतंग.”

“त्रिशला, असू दे की,” अक्का म्हणाल्या. “अंगाई किती गोड झाली बघ.”

तेव्हा सुकुमार बोलला. नखांकडे बघतच बोलला. “परवा तालमीत तो स्वर दरवेळी फुटला. तू ऐकलंस, मी ऐकलं. चंदूच्या कानात शेवटचा तोच राहावा, असं वाटतं तुला?”

“अहो, माझा असेल तर राहू दे की.”

“ती लहान आहे. तिला काय कळणार तुझी पट्टी आणि तुझा पंचम? तिला एवढंच कळेल की आईचा आवाज फाटला. जन्मभर तेवढंच कळेल.”

हे तो दुष्टपणाने बोलत नव्हता. आवाज माझा जाणार होता, पण उरलेल्या आवाजाची राखण आता आपल्याकडे आहे, असं त्याने धरलं होतं. चांगला तेवढा निवडून ठेवायचा, फाटका टाकून द्यायचा. मी म्हणाले की मी अजून गेलेली नाही. त्याने नखांची कानस खाली ठेवली. मग म्हणाला, आता तारा चढवल्या तर त्या ठरणार नाहीत, नायलॉन आहे, गाण्याच्या मध्येच सरकतील. हे खरं होतं. तारांबद्दल तो कधी खोटं बोलला नाही.

घंटा झाली.

*

उत्तरार्धात मुलांना प्रश्न विचारायला सांगितलं होतं. एकाने विचारलं, गिटारच्या पोटात काय असतं. अक्का म्हणाल्या, काही नसतं, म्हणून तर वाजते. एका मुलीला विचारायचं होतं की तुम्ही दोघं एकदमच कशी सुरू करता. अक्कांनी श्वासाचं सांगितलं, आणि मग सतरंजीवरची झाडून सगळी पोरं जोरजोरात श्वास घ्यायला लागली. कुणीतरी विचारलं, मधल्या बाईंना काही वाजवायला का दिलं नाही.

सगळे हसले. मीही हसले, आणि माईक माझ्या हातात होता.

“मला वाजवता येत नाही,” मी मुलांना म्हणाले. “पण मला एक गंमत माहीत आहे. या दोन्ही गिटारी आज झोपेत आहेत. त्यांच्या तारा सैल पडल्यात. त्यांना जागं करायचं का?”

हो म्हणायला मुलांना काय लागतं?

मी सुकुमारकडे बघितलं नाही. मुलांना सांगितलं, मी एक स्वर धरते. गिटार त्याच्यापर्यंत पोचली की हात वर करायचा. आणि मी माझा सा लावला. माझा, काळी चारचा. तो तालमीतही कधी फुटला नव्हता आणि तेव्हाही फुटला नाही. सभागृहभर मुलांसमोर दोन मोठी माणसं आता काय करणार होती? अक्कांनी खुंटी पिळायला घेतली. क्षणभराने सुकुमारनेही. तारा कण्हत कण्हत वर येत होत्या, मुलं मध्येच हात वर करत होती, खाली घेत होती, एकमेकांना चूक ठरवत होती. तारा सरकल्या, पुन्हा पिळल्या, पुन्हा सरकल्या. आईबाप कौतुकाने बघत होते. त्यांना वाटलं, कार्यक्रमातच आहे हे.

मग दोन्ही गिटारी माझ्या सा ला येऊन मिळाल्या, आणि मुलांनी खरंच हात वर केले. बहुतेक सगळ्यांनी.

पुष्कळ दिवस परगावी राहून आल्यावर आपल्या घराचा वास येतो ना, तसं मला झालं.

*

पतंग सुरू झाला. पहिलं कडवं, मुलगी गच्चीवर येते. दुसरं, मांजा तुटतो. गळा चालत होता. वरच्या षड्जापर्यंत सहज गेले आणि आले, आणि मला वाटलं, आज लागेल. फुटला तरी चालेल. सुकुमार माझ्या डावीकडे मान खाली घालून वाजवत होता. त्याच्या तारा सरकत नव्हत्या. म्हणजे तो ओळीओळीला खुंटी सावरून घेत होता, माझ्यासाठी.

तिसऱ्या कडव्याच्या आधी गिटारींचा एक लांब तुकडा आहे. तेवढ्यात मी चंदनाला शोधलं.

ती झोपली होती.

माझ्या आईच्या मांडीवर, तोंड उघडं, एक पाय सतरंजीबाहेर, मुठीत अर्धं बिस्कीट. कधी झोपली कुणास ठाऊक. मुलांचा तो गोंधळ, हात वर करणं, हो म्हणून ओरडणं, यांतलं काहीच तिने ऐकलं नसणार.

माझ्या आईला सगळं माहीत होतं. मी हा रविवार कशासाठी मागून घेतला होता, तेही माहीत होतं. आमची नजरानजर झाली. तिने लगेच वाकून चंदनाचा खांदा हलवायला घेतला. तिचे ओठ मला दिसत होते. ऊठ गं बाळा, आई गातेय.

चंदनाने कूस बदलली.

*

इथे एक सांगायचं राहिलं.

घरात कुजबुज सुरू झाली तेव्हापासून ही पोर झोपत नव्हती. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं. तिनेही काही विचारलं नव्हतं. ती फक्त झोपायची नाही. डोळा लागला की दचकून उठायची, अंथरुणात मला चाचपायची, माझ्या तोंडावर हात ठेवून बघायची, मी आहे ना. मी काही बोलले तरच तिचा हात सैल पडायचा. उगीच काहीबाही बोलत राहायचे मी, उद्याची भाजी, शेजारणीची म्हैस. थांबले की ती पुन्हा जागी. डोळ्यांखाली काळं आलं होतं, एवढ्याशा पोरीच्या.

आणि आता ती अनोळखी माणसांच्या गर्दीत, तोंड उघडं टाकून, गाढ झोपली होती. का झोपली, ते मला त्या क्षणी लख्ख कळलं. माझा आवाज येत होता म्हणून. तो सतत येत होता, मोठ्याने, चारी बाजूंनी. मी आहे की नाही, हे हात लावून बघायची गरजच नव्हती.

*

मी आईला मान हलवून नको म्हटलं.

तिला समजलं नाही, तिने पुन्हा खांदा हलवला. मी पुन्हा मान हलवली, जोरात. तिने हात मागे घेतला. तिच्या चेहऱ्याकडे मला फार वेळ बघवलं नाही.

तिसरं कडवं मी गायले. मुलगी पतंगाला हाका मारते. पहिली हाक, दुसरी हाक. मग ती शेवटची. अक्का आणि सुकुमारने एकत्र श्वास घेतला, तो मला ऐकू आला. त्यांनी माझ्यासाठी खाली जागा करून दिली, भरपूर, मोकळी.

आणि मी वर गेले नाही. खाली आले. ‘ये’ मी इतकं हळू म्हटलं की माईकपाशीच संपलं. अंथरुणात कुणाच्या कानाशी म्हणावं, तसं.

गिटारी गोंधळल्या, पण सावरल्या. माझ्यामागोमाग त्याही उतरत आल्या आणि थांबल्या.

कुणीतरी टाळीसाठी हात उचलले. मी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने सतरंजीकडे दाखवलं. बाजूच्या मुलाने, त्या नाकात बोट घालणाऱ्यानेच, वळून चंदनाला पाहिलं आणि ‘श्श’ केलं. मग शेजारच्याने. मग सगळ्या सतरंजीभर मुलं एकमेकांना गप्प करायला लागली, आणि त्यांच्यामागे मोठी माणसं. लोक उठले ते चपला हातात घेऊन, बाळं खांद्यावर टाकून, दाराशी वाट देत. माझी शेवटची मैफल अशी संपली. एकही टाळी वाजली नाही.

*

वर्गात सुकुमारने गिटार पेटीत ठेवली. माझ्याजवळ आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. असं तो चारचौघांत कधी करत नसे, आणि अक्का तिथेच होत्या.

“बरं झालं पोरगी झोपली होती,” तो हळूच म्हणाला. “निभावून गेलं. कुणाला कळलंसुद्धा नाही.”

त्याला वाटलं, मला तो स्वर पेलणार नाही हे ऐनवेळी मला कळलं, आणि मी मुलीच्या झोपेचं निमित्त केलं. अक्कांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी माझा हात दाबला. दोघांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका होती.

“हो,” मी म्हणाले.

गुरुवारपर्यंत आवाज माझ्याकडे होता. सांगता आलं असतं. तो स्वर घरी एकटीने लावूनही बघता आला असता, दार लावून. मी नाही बघितला. आजही अक्का कुणाला त्या कार्यक्रमाची गोष्ट सांगतात तेव्हा म्हणतात, शेवटी गळा नाही चालला बिचारीचा, पण काय सावरून घेतलं. पाटी माझ्या मांडीवरच असते तेव्हा. मी काही लिहीत नाही. काय लिहू? लागला असता, असं लिहिलं तर ते खरं आहे का, मला माहीत नाही. फुटला असता, असं लिहिलं तर तेही माहीत नाही.

*

घरी जाताना रिक्षात चंदना माझ्या मांडीवर होती. गिटारी घेऊन ती दोघं मागच्या रिक्षात. माझी आई शेजारी बसून बाहेर बघत होती.

पुलावर धक्का बसला तशी चंदना जागी झाली. तिने सवयीने माझ्या तोंडावर हात ठेवला. मग कुठे आहोत ते तिला समजलं आणि ती ताडकन उठून बसली.

“पतंगाचं झालं?”

आईने वळून माझ्याकडे बघितलं.

“नाही,” मी म्हणाले. “अजून व्हायचंय. झोप तू.”